पवनेवरची विजेची नाव आणि देवापुढचा दिवा

चाकणहून चिंचवडला बैलगाडीनं जायला अर्धा दिवस लागतो, पण जायचं की नाही हे ठरायलाच आमच्या घरात आठवडा गेला. कारण नुसतं जायचं नव्हतं. माझ्या नातीला, शकूला, दाखवायचं होतं, आणि तेही नावेत. नवऱ्या मुलाचा मामा बाबुराव म्हणजे मोठा ठेकेदार. पिंपरीकडं नवे कारखाने उभे राहतायत, त्यांच्या भिंती बांधून बांधून त्याच्याकडं पैसा इतका झाला की जमिनीवर मावेना. म्हणून पाण्यावर ठेवायला त्यानं इंजिनाची नाव घेतली. आत दिवे, पंखा, रेडिओ. भाच्यासाठी मुलगी बघायची ती नावेच्या पहिल्याच फेरीत, असा त्याचा निरोप आला.

शकू सातवी पास, गावच्या शाळेत मास्तरीण. याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. दिसायला बरी, हाताला चव आहे, पण विचारलेल्याचं उत्तर देऊन थांबत नाही, आपणही विचारते. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या किसननं, गाडी जुंपतानाच तिला बजावलं की आज तोंडाला कुलूप. मग मला म्हणाला, "आई, तिसरा नकार आला तर पुढं कोण इचारायचं न्हाई. तू हिच्याकडं ध्यान ठेव." मी व्हय म्हणाले. माझ्याकडं कोण ध्यान ठेवणार, हे त्यानं विचारलं नाही.

कुणाला जायचं असेल तर तळवड्यावरून जावं, रस्ता जवळचा पडतो. पण पावसाळा सरल्या सरल्या इंद्रायणीच्या उतारात चाकं आसापर्यंत बुडतात, तेव्हा नवं लुगडं नेसून जाऊ नये. मी नेसले होते. चिखलीत एका टपरीवर आण्याला चहा मिळतो. तो चहा आहे असं टपरीवाला सांगतो, म्हणून कळतं.

चिंचवडच्या घाटाला नाव बांधलेली होती. पांढरी, वर छप्पर, दोन्ही बाजूंना गाद्यांचे बाक. मुलगा मुकुंद एका कारखान्यात विजेच्या खात्यात कामाला. गोरा, नीटनेटका, आणि बोलायच्या आधी आईकडं बघणारा. आई काशीबाई म्हणजे बाबुरावाची थोरली बहीण, अंगानं आणि आवाजानं भावाच्या दुप्पट. तिनं नावेच्या कोपऱ्यात गणपतीची तसबीर ठेवली होती आणि पुढं विजेचा एक लालभडक दिवा. नव्या घरात देवापुढचा दिवा वास्तुशांत होईतोवर विझू द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. नाव नवी, तेव्हा नावेलाही तीच. पहिली फेरी पुरी होईपर्यंत दिवा तेवता राहायला हवा. परवा पूजा झाली तेव्हापासून तो चालूच होता, त्यासाठी अधूनमधून इंजिनही चालवत होते. समई का नाही, तर बाबुरावानं नावेत पेट्रोल आहे म्हणून जाळाला बंदी केलेली. हे मला सांगताना तो सिगरेट ओढत होता.

माझ्या बाकाखाली काहीतरी घूं घूं करत होतं. मधमाश्यांचं पोळं आहे का, विचारलं. बाबुरावाला तेच हवं होतं. त्यानं फळी उचलून दाखवलं. एक लॉरीची बॅटरी आणि तिच्याशेजारी लष्कराच्या लिलावातून आणलेलं, भोपळ्याएवढं यंत्र. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. बाबुरावानं अर्धा तास समजावलं, मी दोन ओळींत सांगते. बॅटरी म्हणजे रांजण. इंजिन चालू असलं की डायनामो नावाचा पाणक्या तो भरत राहतो, इंजिन थांबलं की पाणक्या घरी. पण रांजणातली वीज नावेच्या जातीची, आणि पंखा, रेडिओ, देवापुढचा दिवा ही सगळी घरातली चैन, त्यांना घरच्या जातीची वीज लागते. मधे बसून जात बदलून देतो तो कन्व्हर्टर. आणि असलं काम कुणी फुकट करत नाही. तो स्वतःच्या फिरण्यालाही त्याच रांजणातलं पितो.

शकूनं विचारलंच. "मग एवढासा दिवा लागायलाबी ह्ये आख्खं धूड सारखं फिरत ठेवावं लागतं?"

"लागतंच की," बाबुराव कौतुकानं म्हणाला.

मी तिला चिमटा काढला. मुकुंद पाण्याकडं बघत होता.

नाव सुटली. खरं सांगते, गंमत वाटली. खालच्या बंधाऱ्यानं पाणी अडवलेलं, नदी परातीसारखी भरलेली. काठावर म्हशी, धुणी, आणि धुणी टाकून आमच्याकडं बघणाऱ्या बाया. डब्यातले पोहे नावेतच झाले. नाव काय, शिक्षण किती, शिवण येतं का, सगळं विचारून झालं. शकू मोजकं बोलली. किसनच्या चेहऱ्यावर रंग आला.

रहाटणीच्या काठाला आंब्याखाली नाव लावली आणि जेवायला उतरलो. पुरणपोळ्या त्यांच्या, तूप आमचं. इंजिन बंद केलं, बाकी काही बंद केलं नाही. पंखा रिकाम्या बाकांना वारा घालत होता आणि रेडिओ आंब्यावरच्या कावळ्यांना गाणी ऐकवत होता. थाटाचा मामला. दुसऱ्या पोळीपर्यंत गाणाऱ्या बाईचा आवाज बसला, तिसऱ्या पोळीला ती गप्प झाली. पंखा हातानं मोजता येईल असा फिरायला लागला.

निघायच्या वेळी इंजिन कण्हलं आणि थांबलं. लोखंडी हँडल घालून बाबुरावानं फिरवलं, किसननं फिरवलं, दोघांचे सदरे घामानं भिजले. इंजिन ढिम्म. ठिणगीलासुद्धा बॅटरी लागते म्हणे. पंखा आणि रेडिओ बंद केले. घूं घूं मात्र चालूच, दिव्यासाठी. आता आमची गाडी नदीपलीकडं चिंचवडला, आणि रहाटणीची अर्धी वस्ती काठावर येऊन फुकटचे सल्ले देत होती.

शकू उठली. "त्यो दिवा मालवा. थोडा वेळ बॅटरीला स्वस्थ पडू द्या, ठिणगीपुरतं येईल."

काशीबाईनं तिच्याकडं असं बघितलं की आंब्याची पानं गळावीत. पहिली फेरी पुरी व्हायच्या आत, देवापुढचा दिवा, आणि सांगतंय कोण, तर घरात यायची पोर. किसननं डोक्याला हात लावला. तिसरा नकार तिथंच, मातीत उमटल्यासारखा मला दिसला.

आता दुसरी कुणी गप्प बसली असती. मी बाबुरावाच्या उपरण्याची कड फाडली, वात वळली, वाटीत तूप होतंच. तसबीर नावेतून उतरवून आंब्याच्या बुंध्याशी ठेवली आणि बाबुरावाच्याच काडेपेटीनं दिवा लावला. काशीबाईला म्हणाले, "ह्यो घे. देवाला उजेड पायजे. तार कुठं जोडली ह्ये त्यो बघत न्हाई."

तिनं नको म्हटलं नाही. शकूनं नावेत जाऊन खटका खाली केला. घूं घूं थांबल्यावर इतकं शांत झालं की म्हशींचा रवंथ ऐकू आला.

चूल मांडून चहा केला, सावकाश प्यालो. मग मुकुंदनं हँडल मारलं, आणि चौथ्या झटक्याला इंजिन खोकत खोकत लागलं. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. देव दिव्यासकट रहाटणीतच राहिले. दिवा शांत झाल्यावर घेऊन यायला बाबुरावानं गडी पाठवायचं ठरवलं.

नावेत चढताना शकूनं मुकुंदला हळूच विचारलं. मी मागंच होते.

"तुमी विजेच्या खात्यात. तुमाला ठावं नव्हतं?"

"सकाळीच कळलं होतं," तो म्हणाला. "पण दिवा आईनं लावलेला. कसं सांगणार?"

शकूनं मान हलवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

परत येताना किसननं वाटभर राग बैलांवर काढला. चार दिवसांनी बाबुराव स्वतः चाकणला आला. होकार. काशीबाईनं निरोप दिला होता की पोरगी धीट आहे, आपल्यामागं मुकुंदाला सांगणारं कुणीतरी हवंच आहे. किसननं पेढे आणायला माणूस धाडला. मी त्याला दारातच थांबवलं आणि आत शकूकडं गेले. ती मुलांच्या पाट्या पुसत होती.

मी काही गोड बोलणारी बाई नाही. सांगितलं की मुलगा कमावता आहे, निर्व्यसनी आहे, सासू करडी असली तरी खोटी नाही, आणि असं स्थळ परत चालून येणार नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "पण आजी, रोज कुठं ना कुठं खटका मलाच खाली करावा लागंल. आन् त्याला सकाळीच कळलेलं आसंल."

मी तिच्या हातातली एक पाटी घेऊन पुसली. मग बाहेर आले आणि बाबुरावाला सांगितलं, चहा घेऊन जा, पण आमचं जमायचं नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. किसनला तर ऐकूच आलं नाही, दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

लोक विचारतात, नावेतून फिरून काय मिळालं. नदी बघितली, लुगडं खराब झालं, विजेची जात कळली. आणि आमच्या घरात आजवर मुलींसाठी नकार फक्त यायचे. त्या दिवशी एक गेला.