तीन मशिनं, एक क्रमांक

मुलाखत दुपारी चारला व्हिडिओ कॉलवर होती. त्यात एकाच लॅपटॉपमध्ये लिनक्सची तीन आभासी मशिनं, म्हणजे संगणकातले संगणक, उभी करून त्यांचं आपसातलं खासगी नेटवर्कचं जाळं दाखवायचं होतं. बाहेरच्या कुणाला आत येता येऊ नये आणि प्रत्येक मशिनला पत्ता जाळ्यानेच द्यावा, हाताने बसवलेला चालणार नाही, अशा अटी होत्या. जमलं तर देवबागच्या घरातून नोकरी. नाही तर पुण्याला भावाच्या खोलीत, आणि इथे आईवडील दोघंच. मी काम करत होतो ती वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती बंद होऊन आठ महिने झाले होते. याआधी दोन नकार आले होते.

देवबागला रेंज वाऱ्यासारखी, येते आणि जाते. पहिल्या मशिनवर लिनक्स आणि लागणारी पॅकेजेस उतरवण्यातच सकाळ गेली. उरलेल्या दोघांसाठी तेच पुन्हा करणं शक्य नव्हतं, म्हणून पहिल्याच्याच दोन नकला काढल्या. आमच्याकडे सगळे असंच करतात. एकाने उतरवायचं, बाकीच्यांनी पेन ड्राइव्हवर न्यायचं.

दीड वाजता तिन्ही मशिनं सुरू केली. तिघांना एकच पत्ता मिळाला. एकाने हाक मारली की ती त्याच्याकडेच परत येई. जाळं पुसून नवं केलं. तोच पत्ता. नेटवर्क कार्डांचे क्रमांक तपासले, ते वेगवेगळे निघाले. मग चूक कुठे, ते कळेना. सव्वातीनपर्यंत पाच वेळा पुसून झालं होतं. घाईत टाइप करताना चुका होत होत्या, आणि त्या चुका शोधण्यात आणखी वेळ जात होता.

लॅपटॉप मिटून घरापुढच्या खळ्यात आलो. वडील विकत घेतलेल्या जुन्या फायबरच्या होडीवर पॉलिश पेपर घासत होते.

"काय रे, झाला?"

"नाय. तीन मशिनी आसत. तिनांका एकच पत्तो गावता. एकाची हाक दुसऱ्याक पोचणा नाय."

"तुझ्या आवशीचा नि माझा चाळीस वर्सां तसाच चल्लाहा."

"माका आयकाक येता हां," आई आतून म्हणाली.

वडील घासतच राहिले. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, आधीच्या मालकाचा नंबर होता.

"रंग वरसून मारलो तर चलात मा?" मी विचारलं.

"जुनो नंबर आधी खरवडूक होयो. साचो एकच, होड्यो सारख्योच दिसतत. नंबर तोच रवलो तर बंदरात वळखतले कशे?"

मी आत गेलो. प्रत्येक लिनक्स बसवलं जाताना स्वतःसाठी एक ओळख-क्रमांक तयार करून एका फाइलमध्ये ठेवतं. नक्कल काढताना ती फाइलही जशीच्या तशी आली होती. पत्ते वाटणारं जाळं कार्ड पाहत नव्हतं, हा क्रमांक पाहत होतं. दोन्ही नकलांमधली ती फाइल रिकामी केली आणि मशिनं पुन्हा सुरू केली, तसे दोघांनी आपापले नवे क्रमांक तयार केले. तीन वेगळे पत्ते आले. पहिल्याने तिसऱ्याला हाक मारली. उत्तर आलं. तीन वाजून सदतीस मिनिटं झाली होती.

पावणेचारला रेंज गेली. लॅपटॉपमधली तिन्ही मशिनं एकमेकांशी व्यवस्थित बोलत होती आणि बाहेर कुणालाही ते दाखवता येत नव्हतं.

लॅपटॉप चालूच ठेवून पोत्यात गुंडाळला आणि स्कूटरने तारकर्लीकडे निघालो. एका बंद दुकानाच्या पायरीवर रेंज मिळाली. चार वाजून सहा मिनिटांनी कॉल लागला. पलीकडच्या बाईंनी उशिराचं कारण विचारलं नाही. कदाचित नोंद केली असेल. तिन्ही पत्ते पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला: नकलांना वेगळे पत्ते कसे मिळाले? मी सांगितलं. होडीचा उल्लेख केला नाही.

"कळवू," त्या म्हणाल्या.

याआधीच्या दोन्ही ठिकाणी हाच शब्द होता.

घरी आलो तेव्हा होडीची नाळ कोरी झाली होती. वडिलांनी रंगाचा डबा पुढे सरकवला, नंबराचा कागद हातात दिला आणि म्हणाले, "तुझा अक्षर बरा. तूच घाल."

आठव्या दिवशी पत्र आलं. सहा महिने तात्पुरती नेमणूक, घरून.