गोपीसोबत जळलेल्या येऊरवर

येऊरला जायचं ठरवलं ते गोपीने. साल पन्नासच्या आसपासचं, मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. फाळणीनंतर सिंधमधून आलेली तिची माणसं कोपरीत आमच्या शेजारी राहायची. त्या उन्हाळ्यात येऊरच्या डोंगराला वणवा लागला. संध्याकाळी सगळी आळी बाहेर येऊन बघत होती, गोपी मात्र दार लावून बसली. कराची सोडताना तिने स्वतःचं घर जळताना पाहिलं होतं.

दिवाळीनंतर तिच्या वडलांनी लांबच्या कोटा शहरात दुकान घेतलं. जायच्या आधी ती मला म्हणाली, “कमल, तो डोंगर मला जवळून बघायचाय. नाहीतर माझ्या डोक्यात तो जळतच राहील.”

माझा थोरला भाऊ मिठागरावर कामाला होता. सोबतीला आमचा हा दादाच तयार झाला. उजाडताच निघालो. आता वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, गाडी जाते. तेव्हा गावातल्या तळ्याकाठची तलावपाळी मागे पडली की भाताची शेतं, बांधावरची वाट आणि मग चढ. तुम्ही जाणार असाल तर एकदा तरी पायी जा. पाणी घरूनच न्या.

पायथ्याला इतकं हिरवं होतं की वणवा खराच वाटेना. अर्ध्या चढावर काळी खोडं सुरू झाली. कारवीच्या जळक्या काड्या लागून पातळांवर रेघा उमटत होत्या. कुंभ्याच्या झाडांना बुडाशी नवी पानं फुटलेली, पण एक आंबा मात्र उभाच्या उभा कोळसा झालेला. गोपीने त्याच्या खोडावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“परत जाऊया का गं?” मी विचारलं.

“नाही.”

दादा पुढे गेलेला, तो ती निघेपर्यंत थांबला.

माथ्यावर वारा होता आणि कमरेएवढं गवत. एकीकडे खाडी, मिठागरांचे चौकोन; दुसरीकडे लांबवर समुद्राची रेघ. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी काढली. गोपीच्या आईने लोला दिला होता, गूळ-तुपाची जाड रोटी. दादाने आपला वाटा संपवून माझ्यातलाही घेतला, तेव्हा गोपी त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

“दादा, कराची कुठल्या बाजूला?”

त्याने वायव्येला बोट केलं. “तिकडं. होडीनं किनाऱ्या-किनाऱ्यानं वर जायचं.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आमच्या घराची आग कोणी विझवली का, ते कळलंच नाही. तिथेही गवत आलं असेल ना?”

“अगं, कोणी नवीन घर बांधलं असेल,” मी म्हटलं.

“मग ते त्यांचं. गवत असलं तर बरं.”

उतरताना तीच पुढे होती.

आठवड्याभरात ती माणसं गेली. कोट्याहूनही त्यांनी मुक्काम हलवला असं कानावर आलं, पुढे काही नाही. तिचं लग्न कुठे झालं, मुलंबाळं किती, मला माहीत नाही.

येऊरला मी नंतर पुष्कळदा गेले, नातवंडांनाही नेलं. डोंगर दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे जळतो, पावसाळ्यानंतर पुन्हा भरतो. माथ्यावर पोचले की मी वायव्येकडे बघत उभी राहते. मग लक्षात येतं, गोपी तिकडे गेलीच नव्हती. कोटा कुठल्या बाजूला, ते दादाला विचारायचं राहून गेलं, आणि आता दादाही नाही.