निमकर सरांचं जास्तीचं बोलणं

दुभाष्याचं एक असतं. दिवसभर तोंड चालू, पण त्यातला एक शब्द स्वतःचा नाही. मग संध्याकाळी करजणच्या प्लांटवरून बडोद्यात समाला परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलं, की पोटातलं सगळं बाहेर पडतं. शेवटची सीट आमची. मी, हेतल आणि निमकर सर, तिघंही जपानी-इंग्रजीवाले. असे किस्से साठत जातात. मी सांगायला लागलो की त्यात मीठ थोडं जास्त पडतं, तेवढं गोड मानून घ्या.

सगळे किस्से सरांचेच आहेत. कारण या मार्चमध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, आणि ते पुढे वाढलं नाही तर छप्पन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण घेणार, हा विषय बसमध्ये कुणी काढत नव्हतं.

*

सर मुळात बडोद्यातच, वाडी भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. चाळिशीत जपानी शिकले आणि पक्की नोकरी सोडून इथे आले. वहिनी अजून म्हणतात, "नकाशावर जपान दाखवता दाखवता हे तिकडेच गेले."

तेव्हा दिवसच तसे होते. नवे प्लांट उभे राहत होते आणि दोन्ही भाषा येणारा माणूस उपवर मुलासारखा हातोहात खपायचा. सरांनी घरच्या गच्चीवर क्लास काढला. मी तेव्हा औषधं विकत हिंडत होतो, एका मित्राच्या नादाने त्या क्लासात जाऊन बसलो.

कंपनीतल्या माझ्या इंटरव्ह्यूला समोर मोठे साहेब ओगावा-सान आणि एचआरचे जिग्नेशभाई. ओगावा-साननी प्रश्न विचारला, मी जपानीत दोन मोडकी वाक्यं बोललो. जिग्नेशभाईंना जपानी येत नाही, म्हणून तीच वाक्यं सरांनी त्यांना इंग्रजीत सांगितली. पाच मिनिटं! माझी शिस्त, माझी चिकाटी, बडोद्याचे संस्कार, सगळं आलं त्यात.

मी इतका लायक आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

*

आम्हाला पार्ट पुरवणारे एक शेठ आहेत. काहीही विचारा, उत्तर एकच: "थई जशे." होऊन जाईल. हेतल नवी असताना तिने त्याचं सरळ जपानी करून टाकलं. ठरल्या शुक्रवारी ओगावा-सान घड्याळ बघत गेटवर उभे. माल कुठला यायला!

तेव्हापासून शेठच्या मीटिंगला सर बसायचे. शेठ दोन शब्द बोलायचे, सर दहा वाक्यं. या शुक्रवारी होणार नाही, पुढच्या शुक्रवारी अर्धा माल येईल, बुधवारी एक फोन करून ठेवलेला बरा.

शेठ हळूच हेतलकडे वाकून विचारायचे, "बेन, मी एवढं बोललो?"

आणि माल सर म्हणाले त्याच दिवशी यायचा.

*

वेल्डिंगवरचे भरतभाई लागोपाठ तीन दिवस उशिरा आले. ओगावा-सान त्यांना सगळ्यांसमोर रागावले. चांगलं लांबलचक रागावले. सरांनी भाषांतर केलं, "साहेब विचारतायत, घरी सगळं ठीक आहे ना?"

भरतभाई उभ्या उभ्या रडायला लागले. बायको दवाखान्यात होती, सकाळी पोरांना शेजारी सोडून यावं लागत होतं. हे मात्र सरांनी शब्दनशब्द जपानीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी भरतभाईंची शिफ्ट बदलून मिळाली.

भरतभाई अजून सांगतात, या साहेबासारखा मायाळू माणूस पाहिला नाही. आणि साहेबांना वाटलं असणार, आपलं रागावणं लागू पडलं.

*

मग गेल्या वर्षी मशीन आलं. साबणाच्या वडीएवढं. एका भाषेत बोला, दुसऱ्या भाषेत ऐका. पहिल्या आठवड्यात त्याने शेठच्या बोलण्याचं असं काही केलं की आम्ही समा येईपर्यंत हसत होतो. दुसऱ्या महिन्यात जरा कमी हसलो. मी मुकाट्याने परचेसमध्ये बदली मागून घेतली.

मशीनच्या चुका दुरुस्त करायचं काम कंपनीने सरांनाच दिलं. जेवण झालं की सर लाल पेन घेऊन बसायचे, समोर भूगोलाच्या वह्या असाव्यात तसे. "थई जशे" म्हटलं की कधी काय समजायचं, तेसुद्धा त्यांनी लिहून दिलं.

हेतलला राहवेना. "सर, तुम्ही तुमची खुर्ची त्याला देताय."

"विद्यार्थी हुशार आहे गं," सर म्हणाले. "मास्तरने त्याला चुकीचं शिकवायचं का?"

पुढच्याच महिन्यात हेतलने अहमदाबादला वेगळंच काम धरलं. शेवटच्या सीटवर आम्ही दोघं उरलो. सर खिडकीशी बसायचे, पण बोलायचे कमी.

*

मार्च संपत आला तेव्हा सरांना ओगावा-सानच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. जिग्नेशभाई फॉर्म घेऊन बसले होते. साक्षीदाराची सही हवी म्हणून मलाही बसवलं.

टेबलावर मशीन होतं. ओगावा-साननी ते उचललं, बंद केलं आणि खणात ठेवून दिलं. मग सरांकडे बघून जपानीत बोलायला लागले. चहावर साय आली तरी बोलत होते. मध्ये दोनदा थांबून चष्मा पुसला. एकदा भरतभाईंचं नाव आलं. मी सरांकडे बघितलं, सर टेबलाकडे बघत होते.

शेवटी ओगावा-सान उठले आणि कमरेत वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. सरही उठून वाकले.

दोघं खाली बसल्यावर जिग्नेशभाईंनी पेनाचं टोपण काढलं. "निमकर साहेब, काय म्हणाले ते सांगा. फॉर्मवर लिहायचंय."

"एकतीस तारखेनंतर कॉन्ट्रॅक्ट नाही," सर म्हणाले.

जिग्नेशभाईंनी लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून थांबले. पुढे काही येईना, तेव्हा त्यांनी मान वर केली. "इतका वेळ बोलले, ते एवढंच?"

"बाकीचं माझ्यासाठी होतं."