बाकी कुठं गेली?

दुसऱ्याच्या शेतातली मोटर न विचारता बंद करणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे जाधव मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण गणित सुटलं नाही आणि रागही. पोशीरच्या रस्त्याने जाताना कुणाच्या वांग्यात पाणी साचलेलं दिसलं की सायकल बांधाला टेकवून आत शिरायचे, बटण दाबायचे आणि मालक धावत आला की त्यालाच झापायचे. "भात लावलायस का रं? वांग्याला पोहायला शिकवतोस?"

आम्ही मुळात भातवाले. शेतात पाणी उभं राहिलं नाही, तर जमीन भिजली यावर आमचा विश्वासच बसत नाही. भातानंतरच्या भाजीला लोकांनी ठिबक घेतलं, नळीतून खतही सोडू लागले, पण खोड तीच. डबकं होईपर्यंत मोटर चालू!

वर विलासदादाचं शेत, खाली आमची वाडी, मध्ये वाडीची पिण्याची विहीर. त्याच्या घरी नळ, मग विहिरीचं त्याला काय! माझी लेक तान्ही असताना मास्तरांनी त्या विहिरीचं पाणी तपासून आणलं. त्यात खत उतरलं होतं. तान्ह्या मुलांना हे पाणी देऊ नका, असं प्रयोगशाळेने बजावलं होतं. मी लेक कडेवर घेऊन लांबच्या बोअरिंगवरून हंडा आणायची आणि वर याची मोटर खुशाल चालू. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी मास्तर मला घेऊनच त्याच्या शेतात गेले. काठीने मातीत गणित मांडलं. "सातबाऱ्यावर एकर हाय, पण नळ्या अर्ध्यावरच. मग खत एकराचं कशाला? बांधाला खायला घालतोस?" निम्मं खोडलं. उरलेलं पिकाच्या आठवड्यांनी भागलं. "एका टायमाला एवढंच. आधी साधं पाणी, मग खत, शेवटी नळ्या धुवायापुरतं पाणी. मग बंद! झाड खाईल तेवढंच खाईल. बाकी कुठं गेली? बाकी हरवत नाय रं. ती विहिरीत जाते, आन् हिची पोर पिते."

विलासदादा हसला. "मास्तर, शाळा सुटली तुमची." आणि चपलेने गणित पुसून टाकलं.

त्या दिवसापासून मास्तर रोज जाऊन त्याची मोटर बंद करू लागले. शिव्या खाल्ल्या, एकदा धक्केही खाल्ले, तरी जायचे.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. शोकसभेत हार घेऊन सगळ्यांत पुढे कोण? विलासदादा! "मास्तरांनी आपल्याला हिशोब शिकवला," म्हणे. आणि वर त्याचीच मोटर घुरघुरत होती. लाज कशी वाटत नाही माणसाला! मी तशीच उठले, चढण चढून गेले. डबक्यात घोट्यापर्यंत पाय बुडाले. बटण दाबलं.

तो मागोमाग धावत आला. "कुणाला इचारून बंद केलीस गं?"

"तुमी कुणाला इचारून आमच्या पोरांना खत पाजताय?" मी म्हटलं. "उद्या पण येणार हाय मी."