गोरक्षदादाची थंडगार मॅटाडोर

माझा थोरला भाऊ गोरक्षदादा मखमलाबादला फुलशेती करतो. कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणूनच नातेवाइकांनी त्याला कायम गृहीत धरलेलं. मला या नातेवाइकांची मनापासून शिसारी येते, हे आधीच सांगून टाकते.

दादाच्या वेदिकाला जन्मापासून घाम येत नाही. उन्हात तिचं अंग तापत जातं आणि डोळे फिरतात. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, पोरीला गार ठेवा. दादाने घरात एसी बसवला, पण ती भारनियमनाची वर्षं होती. दुपारी नेमकी वीज गायब, एसी नुसता शोभेला.

मग त्याने जुनी मॅटाडोर घेतली. सीटा काढून खाट टाकली, पत्र्याला आतून थर्माकोल चिकटवला, काचांना जाड पडदे लावले. खाटेखाली ट्रकच्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, टपावर सोलरच्या पाट्या, मागच्या काचेच्या जागी घरातला एसी. पहिल्यांदा बॅटऱ्या चहा होईपर्यंतही टिकल्या नाहीत. दादा फटी शोधत बसला आणि एकेक बुजवत गेला. शेवटी जमलं: गाडीने दोन दिवस ऊन खाल्लं की एक दुपार गारवा मिळायचा. मात्र दार उघडायचं नाही.

२००७च्या वैशाखात चिमाजीकाकांच्या, म्हणजे आमच्या चुलत्यांच्या मुलाचं, राजचं लग्न गोदावरीकाठच्या सायखेड्याला निघालं. वेदिका तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिने उभ्या जन्मात लग्न पाहिलं नव्हतं. "मला अक्षता टाकायच्यात," एवढाच तिचा हट्ट. दादाने दोन दिवस आधीच गाडी नेऊन मांडवाशेजारी उन्हात लावली. दुसऱ्या सकाळी काकांनी त्याला हारांसाठी नाशिकला पिटाळलं आणि त्याच्या पाठीमागे लग्नाची गाडी म्हणून ती सजवली. आम्ही फुलवाली माणसं, हात आखडता कशाला घेतोय! टपावर झेंडूची अशी जाड चादर अंथरली, की सोलरला दिवसभर सूर्यच दिसला नाही.

लग्नाच्या पहाटे मी कुसाबाईवहिनी आणि वेदिकाला घेऊन पोचले, तेव्हा दादा टपावर चढून फुलं काढत होता. काका खालून ओरडले, "गोऱ्या, अक्षता पडायच्या आधी लग्नाच्या गाडीची फुलं काढतो? अपशकून करतो काय?" चार म्हाताऱ्यांनी री ओढली. दादा मुकाट खाली उतरला. मला म्हणाला, "बॅटऱ्या अर्ध्याच भरल्यात. दार लावून बसलं तर भागंल."

ऊन चढल्यावर नवरीकडची मंडळी आली. काकांनी छाती फुगवून विहीणबाईंना थेट गाडीत नेलं. "बसा, बसा! एसी हाय आपल्याकडं!" आयत्या बिळावर नागोबा! नवसाबाई विहीण, मागून त्यांच्या जावा, नणंदा, मिसरीची तोंडं आणि धुळीचे पाय घेऊन खाटेवर. वेदिका कोपऱ्यात दाबली गेली. दार सारखं उघडं. वहिनी गयावया करत होती, पण पाहुण्यांना ऊठ म्हणायचं नाही, हा म्हणे आपला मान. थू असल्या मानावर! मी म्हणालेच, "पोरीच्या जिवावर बेतेल." नवसाबाई म्हणाल्या, "आम्ही काय खातोय का तिला?"

मंगलाष्टकं सुरू झाली आणि इन्व्हर्टर टूंटूं करून बंद पडला. एवढी माणसं कोंबलेल्या गाडीची भट्टी झाली. मंडळी पटापट उतरली. मागे केळीच्या साली, खाटेच्या पायाशी मिसरीची थुंकी, आणि निखाऱ्यासारखी तापलेली वेदिका.

वहिनीची किंकाळी ऐकून दादा धावत आला. त्याने पोरीला उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि मांडवाच्या दाराशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपात, बर्फाच्या लादीशेजारी, तिला गळ्यापर्यंत उतरवलं.

मंगलाष्टकं अडखळली. लोक धावले, पण पोरीकडे नाही. "पाणी बाटवलं! सगळं पाणी नासवलं!" हातात ग्लास धरून ते पिंपाभोवती उभे. काका लालबुंद झाले. "गोऱ्या, आता पाव्हण्यांनी प्यायचं काय?"

दादा आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडला. "खाली गंगा वाहती हाय, काका. न्या त्यांना आन् पाजा!"

वेदिकाचे डोळे हळूहळू थाऱ्यावर आले. ओला हात तिने पिंपाबाहेर काढला. वहिनीने रडत रडत त्यात अक्षता ठेवल्या. शेवटच्या मंगलाष्टकाला तिने त्या टाकल्या. निम्म्या बोटांनाच चिकटून राहिल्या.

याला बरीच वर्षं झाली. सायखेड्यात त्या लग्नाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "गोऱ्यानं पाणी नासवलं, तेच ना?" लग्नाला पाचशे माणूस होतं. पोरगी कशी आहे, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.