म्हात्रेवहिनींचं दाण्याचं कूट

आमच्या सोसायटीतले किस्से जिन्यात जमतात, कारण लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद असते. मागच्या महिन्यात दळणाचा डबा दुसऱ्या मजल्यावर टेकवून दम खात होते, तर वरून आवाज आला, "म्हात्रेभाऊंना म्हणे लिव्हरचा कॅन्सर, आणि तोही बायकोच्या दाण्याच्या कुटामुळे..." आणि दार बंद झालं. आता एवढं अर्धवट ऐकून माझं दळण व्हायचं कसं?

* * *

दाण्याचं पोतं आम्ही चौघी शेजारणी मिळून उन्हाळ्यात आणतो आणि वाटून घेतो. पनवेलचा पावसाळा असा, की ऑगस्टपर्यंत डब्यातल्या दाण्यांवर हिरवट लव येते. मी टाकून देते. म्हात्रेवहिनी मात्र तीन ढीग करतात. टपोरे दाणे पाहुण्यांना, सुरकुतलेले भाजीत, आणि बुरशीचे भाजून कूट. ते कूट भाऊंच्या ताटात, कारण भाऊ कुरकुर करत नाहीत.

मी कितीदा सांगितलं! उत्तर ठरलेलं, "ताई, भाजलं की सगळं मरतं."

* * *

एकदा मी माझे खराब दाणे ओल्या कचऱ्यात टाकले. तासाभरात वहिनी पिशवी घेऊन दारात. "तुमचे दाणे चुकून खाली गेले होते. मी धुऊन आणलेत."

मी दुसऱ्यांदा टाकले, तेव्हा आधी वहिनींच्या खिडकीकडे बघून घेतलं.

* * *

भाऊ कळंबोलीच्या लोखंड बाजारातून रिटायर झालेले, मूळचे उरणकडचे. एकदा त्यांच्याकडे चटणी चाखली, जीभ कडू झाली. म्हटलं, भाऊ, हे कसं खाता?

"कडू हाय म्हनून औषधी. कारलं नाय का खात आमी?"

मी घरी येऊन दोनदा चूळ भरली.

* * *

तर ती जिन्यातली बातमी. मी सरळ वहिनींची बेल वाजवली. त्या रडवेल्या. सोनोग्राफीत भाऊंच्या लिव्हरवर गाठ दिसली होती. मुलगी पुण्याला, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे मीच सोबत गेले.

डॉक्टरांनी विचारलं, बुरशी आलेले दाणे, मका असलं काही खाण्यात असतं का? वहिनी म्हणाल्या, "छे हो." भाऊ पंख्याकडे बघत बसले. शेवटी मीच म्हटलं, असतं. वर्षानुवर्षं असतं.

मग डॉक्टरांनी समजावलं. त्या बुरशीत विष असतं. ते धुऊन जात नाही, भाजूनही पुरतं जात नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. त्यात भाऊंच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालेला, कधी झाला त्यांनाच ठाऊक नाही. दोन्ही एकत्र आलं की धोका कितीतरी वाढतो. गाठ कसली ते सीटी स्कॅनवरून कळेल.

रिक्षात वहिनींनी माझा हात धरला. "ताई, मीच घातलं का हो त्यांना?"

मी उगाचच रिक्षावाल्याला म्हटलं, जरा हळू घे बाबा.

* * *

चार दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ साधी, रक्तवाहिन्यांची, कॅन्सर नाही. म्हणजे जिन्यातली बातमी खोटी म्हणावी, तर तशीही नाही. हिपॅटायटिस खरा, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी खरी, आणि कुटावर बंदी तर शंभर टक्के खरी. जिन्यातल्या मंडळींना मी हे तीनदा सांगितलं. तरी पहिल्या मजल्यावर अजून कॅन्सरच चालू आहे.

* * *

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी वहिनींनी कुटाचा डबा माझ्या हातात दिला. त्यांच्याने टाकवेना. मी टाकून, डबा घासून परत द्यायला गेले, तर भाऊ जेवायला बसलेले. ताटात नवी चटणी, पाहुण्यांच्या टपोऱ्या दाण्यांची. संसाराच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

वहिनी पदराचं टोक मुठीत धरून समोर उभ्या. भाऊंनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग ताटाकडे बघत म्हणाले,

"आज काय टाकायला इसरलीस गो?"

वहिनी आत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.