बेहड्याखालचा कॅमेरा

मधुकररावांची आणि माझी पहिली ओळख माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात झाली, आणि ती भांडणाने झाली. पांढुर्ण्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या लग्नांचे शूटिंग तेच करीत. लग्नानंतर कॅसेट आली, घर भरून माणसे बघायला बसली, आणि ऐन सप्तपदीत पडद्यावर काय, तर मांडवामागच्या कडुनिंबावर बसलेला वाकड्या चोचीचा एक राखाडी पक्षी! आमचे काका कडाडले, "अबे, लगन पोरीचं होतं का पाखराचं?" मी तणतणत स्टुडिओत गेले. मधुकररावांनी हात जोडले. "चुकलो बाई. पण धनेश होता तो. नवरीले 'पुन्हा एकदा चाला' म्हणता येते, त्याले कसं म्हणू?" मला हसू आवरेना, आणि भांडायचे राहूनच गेले.

मी तेव्हा सौसरच्या शाळेत मराठी शिकवीत असे. पुढे मधुकररावांच्या पक्ष्यांच्या फिल्मांना मीच आवाज देऊ लागले, आणि आम्ही त्या शाळाशाळांतून दाखवीत हिंडलो. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात माझ्याकडून चार गोड शब्दांची अपेक्षा आहे, हे मला कळते. पण या माणसाबद्दल नुसते गोड लिहिले, तर ते स्वतःच रागावतील.

धनेशाची वीण आणि लगीनसराई एकाच उन्हाळ्यात येतात. मधुकररावांनी धनेश निवडला. लोकांनी नावे ठेवली. त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, मुकाट्याने स्टुडिओ सांभाळला. रामाकोन्याच्या पलीकडे नाल्याकाठी बेहड्याचे एक जुने झाड आहे. त्याच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेई आणि तोंड लिंपून जेमतेम चोच मावेल एवढी फट ठेवी. आत ती आणि पिल्ले, बाहेर नर. तो उंबरे आणून त्या फटीतून भरवी. तो आला नाही, तर आत उपास. मांडवाच्या जुन्या कापडाचा आडोसा करून मधुकरराव हे सारे दुरून टिपीत.

त्यांचा नियम एकच, आणि तो ते आम्हा सगळ्यांना दटावून सांगत: घरट्याला हात लावायचा नाही. एकदा दुसऱ्या एका घरट्यापाशी कोण्या हौशी पाहुण्याने फोटोच्या आड येणारी डहाळी मोडली. मधुकररावांनी तिथल्या तिथे कॅमेरा आवरला. "चला, आपलं काम संपलं इथलं."

माणसांशी मात्र ते फार मायेने वागतात. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ते तिगावच्या आपल्या घरून आमच्याकडे येत आणि तिच्या उशाशी लॅपटॉप ठेवून चंडोल, भारद्वाज ऐकवत. आईला दिसत नव्हते. मधुकरराव तिच्या कानाशी सांगत, "माय, आता उडाला पाहा." तिचे शेवटचे महिने त्या आवाजांच्या सोबतीने गेले.

मग तो वाईट उन्हाळा आला. मधुकररावांचा फोन आला, "बाई, तो येऊन नाही राहिला." नर दिसेनासा झाला होता. फवारणीने मेला, कोणी मारला, का तारेला चिकटला, आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. मी गेले तेव्हा ढोलीतून पिल्लांची कुरकुर ऐकू येत होती. मधुकरराव बराच वेळ आडोशात बसून राहिले. मग उठले, शिडी लावली आणि आपल्या हाताने त्या फटीत उंबर धरले. मादी आत सरकली. उंबरे खाली पडत राहिली. हे असे रोज चालले. अखेर एका सकाळी तिने लिंपण फोडले आणि कशीबशी उडून गेली, ती परतलीच नाही. मधुकररावांचा हात आत पोचला तोवर पिल्ले गार झाली होती. झाडाखाली बसून ते लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

फिल्म तयार करताना सगळे म्हणाले, शेवटी आधीच्या वर्षीचे उडते पिल्लू जोडा. मीही म्हटले, "भाऊ, पोरं रडतील हो." ते म्हणाले, "जन्मभर तेच केलं बाई. रुसलेला व्याही कापला, रडणारा बाप कापला, हासरं तेवढं ठेवलं. हे नाही कापणार. माहा हातही राहू द्या. नेम मोडला, तं मोडलेला दिसू द्या." हात दिसतो तिथे त्यांनी मला बोलू दिले नाही. ती फिल्म तशीच आहे. मुले रडतात, काही शाळांनी आम्हाला बोलावणेही सोडले.

त्यानंतर त्या बेहड्यावर धनेशाने घर केलेले नाही. मधुकरराव मात्र दर उन्हाळ्यात जाऊन बसतात. गुडघे गेले आहेत, नाला उतरताना कोणाचा तरी खांदा लागतो. यंदा मी चिडून विचारले, "रिकाम्या ढोलीत काय पाहता?" म्हणाले, "जोडी आली अन् पाहाले कोणी नसलं तं? एक पिल्लू उडतानी दिसू द्या, मंग घरीच बसतो." वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हंजे बसतच नाही बाप्पा हे घरी."

ग्रंथाच्या संपादकांनी बजावले आहे की शेवटी दीर्घायुष्य चिंतावे. चिंतते. दर वर्षी जामसांवलीला मारुतीरायापुढे मी मधुकररावांसाठी आयुष्य आणि धडधाकट पाय मागत आले; पाखरासाठी काही मागायची लाज वाटे. या खेपेस लाज सोडली. आधी धनेशाची जोडी मागितली, मग त्यांचे आयुष्य. कारण जोडीच येणार नसेल, तर एवढे आयुष्य घेऊन हा माणूस त्या झाडाखाली किती उन्हाळे नुसताच बसून राहील?